लाळेचे माहात्म्य

ज्या वस्तूवाचून मनुष्याचा एक घासही सुखाने गळ्याखाली उतरत नाही, तिच्याविषयी त्याने इतके कृतघ्न असावे, हे आम्हांस एक कोडेच वाटत आले आहे. अश्रूंना कवींनी मोत्यांचे मोल दिले. घामाला श्रमाची प्रतिष्ठा लाभली. रक्ताचे तर नातेच सांगितले जाते. लाळेच्या वाट्याला मात्र काय आले? दुसऱ्याच्या वैभवावर डोळा ठेवणारा लाळ गाळतो आणि वरिष्ठांच्या पुढेपुढे करणारा लाळघोट्या ठरतो. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत कारकून असल्यामुळे या वाक्प्रचारांची जिवंत उदाहरणे आम्हांस फार दूर शोधावी लागत नाहीत.

या उपेक्षित द्रव्याकडे आमचे लक्ष वळले ते आमच्या मातोश्रींमुळे. वडिलांच्या पश्चात त्या गाव सोडून आमच्याकडे दिल्लीस आल्या. मधुमेह त्यांचा जुना सोबती. त्याच्या जोडीला मुखाचा कोरडेपणा आला, दात एकेक करून गेले आणि कवळी आली. दंतवैद्यांनी समजावून सांगितले की, वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थराच्या बळावर. खालच्या कवळीला तेवढाही आधार नसतो, आणि तोंड कोरडे असले म्हणजे ती हिरडीला नुसती घासत राहते. भाकरी सुटली याचे आईंना फारसे दुःख नव्हते. बोलताना कवळी हलते म्हणून त्यांनी बोलणेच आवरते घेतले, आणि आमच्या घरात हानी झाली ती तेथे.

परप्रांतात राहणाऱ्या वाचकांस ही हानी फोड करून सांगावयास नको. आमच्या कन्येची शाळा हिंदी-इंग्रजीची, शेजार पंजाबी, मैत्रिणी नाना प्रांतांच्या. तिच्या कानांवर पडणारी खरी मराठी म्हणजे आजीची. ‘चाक’ आणि ‘जाते’ या शब्दांतील च आणि ज दातांशी जीभ नेऊन उच्चारावयाचे असतात, ही गोष्ट कोणत्याही पुस्तकातून शिकवता येत नाही. ती समोरच्या मुखाकडे पाहून शिकावी लागते. ते मुखच मिटले, तर पोरीच्या तोंडी दिल्लीचा ‘च’ कायमचा बसावयास कितीसा वेळ?

दंतवैद्यांनी उपाय सुचविला : खालच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवावेत आणि त्यांवर कवळी अडकवावी. परंतु रक्तातील साखर ताब्यात आल्यावाचून हात लावणार नाही, असेही त्यांनी बजावले. कारण अनावर मधुमेहात जखम उशिरा भरते आणि हाड धातूला धरीलच अशी खात्री देता येत नाही. खर्च आमच्या वेतनाशी ताडून पाहता किरकोळ नव्हता. कोणत्याही प्रस्तावावर मागचे संदर्भ पाहिल्याखेरीज टिप्पणी लिहू नये, हे कारकुनी व्रत; म्हणून आम्ही वाचावयास बसलो.

या विद्येचा जन्म अपघाताने झाला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची एक लहानशी नळी वापरीत होते. काम झाल्यावर ती काढू गेले तर निघेना. हाडाने तिला आपलेसे केले होते. १९६५ साली गोथेनबर्ग येथे यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या दंतहीन खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसविले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते टिकले. तरीही पंडितांची मान्यता मिळावयास १९८२ ची टोरांटो येथील परिषद उजाडावी लागली. सरकारी कचेरीतच कागद अडतात असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

धातू आणि हाड यांचे हे सख्य एका दिवसात जुळत नाही. त्याला साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. आरंभी स्क्रू उभा असतो तो केवळ आवळून बसविल्यामुळे. मग सभोवतीचे जुने हाड थोडे झिजते आणि नवे तयार होऊ लागते. जुना आधार ओसरला आहे, नवा पुरता आलेला नाही, असे काही आठवडे मध्ये जातात, आणि धोका असतो तो त्यांत. बदलीवर परक्या शहरी गेलेल्या कुटुंबाची पहिली काही महिने जी अवस्था होते, तीच ही. तेव्हा हाडाच्या पेशींनी धातूला लवकर येऊन बिलगावे, यासाठी जगभर खटपट चालते. त्याचसाठी स्क्रूचा पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने मुद्दाम खरबरीत करतात.

येथेच आमच्या लाळेचा प्रवेश होतो. जिभेला दात लागला तर ती जखम हातापायाच्या जखमेपेक्षा लवकर भरते, हा अनुभव सर्वांचा आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी याचे एक कारण २००८ साली दाखवून दिले. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींच्या थरावर त्यांनी ओरखडा काढला आणि त्यावर माणसाची लाळ घातली; ओरखडा लवकर मिटला. लाळेतील घटक एकेक करून वेगळे केले, तेव्हा हे काम हिस्टॅटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनांचे आहे असे आढळले. बुरशीचा नाश करणारी म्हणून ती पूर्वीपासून ज्ञात होती. त्यांतील पहिले हिस्टॅटिन अवघ्या ३८ अमिनो आम्लांची साखळी आहे. पुढे २०१७ साली त्याच नगरीतून वृत्त आले की, हे हिस्टॅटिन असले म्हणजे पेशी टायटॅनियमला अधिक चांगल्या चिकटतात. पाहुण्याची ओळख करून देणारा मध्यस्थ जणू घरातच बसला होता!

मात्र उतावीळ होऊन चालणार नाही. बशीतील पेशी म्हणजे मनुष्याचा जबडा नव्हे. शिवाय लाळेतील पाचक द्रव्ये या साखळीचे पाहता पाहता तुकडे करतात. तेव्हा तिला स्क्रूवर टिकवून धरावयाचे कसे, हाही प्रश्नच. लाळेत जंतूही असंख्य असतात, म्हणून जखमेवर थुंकी लावावी असा अर्थ यातून कोणी काढू नये. आईंना आम्ही हे सारे वाचून दाखविले. मुरमाच्या पुळीवर पहाटेची शिळी लाळ लावणारी त्यांची पिढी. त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, पण माझ्या तोंडात ती उरलीय कुठे?”

या प्रश्नापुढे आमची टिप्पणी अडली. ज्याला जखम भरून येण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच मुखातील झरा आटलेला असावा, हा सृष्टीचा हिशेब आम्हांस जुळविता आला नाही. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण आपणांस ठाऊक आहे. येथे दातही नाहीत आणि दात रुजविणारे पाणीही नाही. उद्या हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार होऊन शस्त्रक्रियेच्या मेजावर येईल, तर त्याचे पहिले मानकरी असे कोरड्या मुखाचे वृद्ध असावेत, असे आम्हांस वाटते.

तो दिवस येईतो थांबणे आम्हांस परवडणारे नव्हते. पाच महिने आईंनी गोडाकडे पाठ फिरविली, सकाळ-संध्याकाळ उद्यानात फेऱ्या घातल्या, आणि साखर ताब्यात आणली. गेल्या महिन्यात दोन्ही स्क्रू बसले. आता चार महिने वाट पाहावयाची आहे. तूर्त खालची कवळी पेल्यात ठेवून, घोट घोट पाणी पीत, आई नातीला चिऊकाऊची गोष्ट सांगतात. उच्चार अस्पष्ट येतात. पण नात आता त्यांच्या ओठांकडे टक लावून बसते आणि एखादा शब्द निसटला, तर तो पुन्हा म्हणावयास लावते.