व्हिएन्नातलं बिऱ्हाड

बिऱ्हाड म्हटलं की ते कधीतरी हलणार, हे आपण धरूनच चालतो. घर म्हणजे कागदावर आपलं नाव असलेलं. भाड्याचं ते तात्पुरतं. परदेशी नोकरीला गेलेली मराठी माणसंही हाच हिशेब सोबत नेतात आणि कर्ज काढून फ्लॅट घेतला की 'आता सेटल झालो' असं घरी कळवतात. व्हिएन्नाने हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मोडला. तिथले सुमारे तीन-चतुर्थांश लोक भाड्याने राहतात, आणि त्यांतले कितीतरी एकाच भाड्याच्या घरात जन्म काढतात. स्थिरावायला मालकी लागत नाही, 'उद्या कोणी बाहेर काढणार नाही' एवढी खात्री लागते, असं माझं म्हणणं आहे. त्याचा पुरावा पाहायला राजवाडे सोडून यू-फोर मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावर, हायलिगनश्टाटला उतरावं. श्योनब्रुन राजवाड्यातले गाइड सम्राटांच्या दालनांबद्दल तासभर बोलतात. त्याच काळी या शहरातला कामगार कुठे झोपत होता, याबद्दल मात्र एक वाक्य नाही. याची मला खरोखर खंत वाटते. पर्यटकांना रात्रीपुरत्या मिळणाऱ्या खोल्यांमधूनही हे शहर कळत नाही, कारण तिथे शेजारच नसतो.

हायलिगनश्टाटला लोक येतात ते बीथोव्हेनसाठी. 1802 साली त्याने आपल्या वाढत्या बहिरेपणाची व्यथा कागदावर उतरवली ती इथे. त्याचं मला वाटणारं महत्त्व वेगळं आहे. 1792 साली बॉनहून आलेल्या या माणसाने व्हिएन्नात आयुष्य काढलं, पण डझनावारी बिऱ्हाडं बदलली. कीर्ती होती, घराची खात्री नव्हती. पुढच्या शंभर वर्षांत बोहेमिया, मोराव्हिया, गॅलिशियातून माणसं येत राहिली आणि 1910 पर्यंत शहर वीस लाखांवर गेलं. कामगारांच्या भाड्याच्या इमारतींत मजल्यावर एकच नळ, त्याखाली लोखंडी कुंडी. तिला 'बासेना' म्हणत. संडासही बाहेर, सामाईक. ज्यांना खोली परवडत नसे ते नुसता पलंग भाड्याने घेत. मुंबईत ज्याला 'कॉट बेसिस' म्हणतात, तेच.

पहिल्या महायुद्धात, 1917 साली, सरकारने भाडी गोठवली. नंतरच्या महागाईत त्या भाड्यांना किंमतच उरली नाही आणि खासगी बांधकाम थांबलं. इथे मुंबईकर वाचक हटकून विचारील, की 1947 च्या भाडे कायद्याने गिरगावातल्या चाळींचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे, मग या गोठवणुकीचं कौतुक कशाला? आक्षेप अगदी रास्त आहे. नुसती भाडी गोठवली तर मालक डागडुजी सोडतो आणि इमारत खचते. पण व्हिएन्ना तिथे थांबली नाही. 1922 साली तिला स्वतंत्र प्रांताचा दर्जा आणि कर बसवायचा अधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी अर्थखातं सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनरने घरबांधणी कर लावला. लहान घराला नाममात्र, आलिशान घराला जबर. त्या पैशातून 1934 पर्यंत पालिकेने साठ हजारांवर घरं बांधली. मुंबईतल्या बीडीडी चाळी याच दशकातल्या. तिथे कुटुंबाला एक खोली आणि संडास सामाईक. व्हिएन्नातली घरंही लहानच, पुष्कळशी 38 ते 48 चौरस मीटरची, पण नळ आणि संडास दाराच्या आत. फरक पैशापेक्षा हेतूचा होता, असं मला वाटतं.

हायलिगनश्टाट स्थानकासमोरच उभा आहे कार्ल मार्क्स-होफ, पालिकेच्या अशाच घरांचा संच. वास्तुकार कार्ल एन, बांधकाम 1927 ते 1930, लांबी किलोमीटरहून जास्त, घरं 1,382. कमानींखालून आत गेलं की मोठमोठी अंगणं लागतात. बहुतेक जमीन मोकळीच ठेवली आहे. त्या काळी इथे बालवाडी, वाचनालय, दंतवैद्य, स्नानगृह, आणि सामाईक धुलाईघर होतं. बाईने ठरल्या दिवशी कपड्यांचा गठ्ठा आणायचा, यंत्रावर धुऊन, वाळवून त्याच दिवशी न्यायचा. हेल्मुट ग्रुबर या इतिहासकाराने 1991 च्या ग्रंथात यावरच बोट ठेवलं: पालिकेतल्या समाजवादी नेत्यांना कामगाराला आपल्या साच्यात घडवायचं होतं, शिस्त वरून लादली होती. पुरुषांना धुलाईघरात मज्जाव होता आणि धुणं बाईच्याच गळ्यात राहिलं, हे मला मान्य आहे. पण धुण्याचा दिवस ठरलेला असला की ओळख होते, ओळखीतून शेजार जमतो. वाफेने कोंदलेल्या स्वयंपाकघरात एकटीने चादरी पिळणाऱ्या बाईला त्या शिस्तीतून मिळालेला मोकळा वेळ ग्रुबर पुरेसा मोजत नाहीत.

याहून कठीण आक्षेप इतिहासच घेतो. फेब्रुवारी 1934 मध्ये, समाजवाद्यांशी झालेल्या यादवीत, सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या, आणि 1938 साली नाझी सत्ता येताच पालिकेच्या घरांतून ज्यू भाडेकरूंना हुसकावलं गेलं. म्हणजे खात्री देणारा हातच ती काढूनही घेतो. खरं आहे, पण त्या वर्षी ज्यूंची मालकीची घरं तरी कुठे वाचली? कागद कोणताही असो, त्यामागचं राज्य न्यायी असावं लागतं. आणि दार सर्वांना सारखं उघडं नसतं. आजही नवख्याने आधी तीन दिवसांत नोंदणीचा अर्ज, 'मेल्डेत्सेटेल', घर देणाऱ्याच्या सहीसह द्यायचा, मग खासगी बाजारात मुदतीच्या करारांवर दिवस काढायचे. पालिकेच्या घरासाठी साधारण दोन वर्षांची नोंद लागते. युरोपीय संघाबाहेरच्यांना दीर्घ वास्तव्याचा परवानाही लागतो, आणि तो सहसा पाच वर्षांनी मिळतो. 2006 पर्यंत तर त्यांना हे दार जवळजवळ बंदच होतं. नवख्याला खात्रीची सर्वांत जास्त गरज असते ती याच पहिल्या वर्षांत, आणि तिथे व्हिएन्ना कमी पडते.

तरी पालिकेची सुमारे 2,20,000 घरं आज उभी आहेत. त्या काळच्या इमारतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे घर व्हिएन्ना पालिकेने घरबांधणी करातून, अमुक साली बांधलं. खाली दारावर बेलची बटणं. खासगी माहितीच्या कायद्यामुळे 2018 साली पालिकेने त्यांवरची नावं काढून घरांचे नंबर लावायचं ठरवलं. कुठल्या नंबरामागे तिसरी पिढी नांदते आहे आणि कुठे गेल्या महिन्यात आलेलं बिऱ्हाड अजून खोकी सोडतं आहे, ते बटणावरून कळत नाही.