चंद्रावरची संथ चाल

लेगोच्या विटा म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या दिवाणखान्यातला चंद्रावरचा तळ पाहावा! डेन्मार्कची ही वीट १९५८ सालची. पण आमच्या नातीला वेड दातेरी चाकांचे. प्रथम हँडल फिरवले की तळावरची अँटेना छताच्या पंख्यासारखी गरगरे. मग तिने हँडलच्या दांडीवर ८ दात्यांचे चाक बसवले, अँटेनेखाली ४० दात्यांचे. आता हँडलचे पाच फेरे, तेव्हा अँटेनेचा एक. आणि काय सांगू! तीच वीतभर अँटेना एकाएकी अवाढव्य भासू लागली. सिनेमावाले छोट्या प्रतिकृतींची हालचाल पडद्यावर संथ करतात, ती याचसाठी. हल्ली माझ्या चालीवर घरात कुणी टोमणा मारला, की मी मुकाट्याने त्या अँटेनेकडे बोट दाखवतो!