बोट लागते

मराठी भाषेत ‘बोट लागणे’ हा एक मोठा गमतीचा प्रयोग आहे. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिली लागली की माणूस घरी पोचतो. दुसरी लागली की कठड्यापाशी पोचतो. कोकणातल्या मागच्या पिढ्यांना हे दोन्ही अर्थ शब्दकोश न उघडता कळले. आमची आई त्यांपैकीच एक. देवगडजवळच्या खेड्यातली ही मुलगी लग्न होऊन मुंबईला आली ती १९७५ साली, आगबोटीने. बोट आत बंदरात येत नसे. बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि उतारूंनी होडीतून जाऊन हलत्या शिडीवरून वर चढायचे. “त्या एका रात्रीत मी सहा वेळा ओकले,” असे आई आजही सांगते. आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसतो, तो माझी कादंबरी छापून आली तेव्हाही दिसला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आमच्या दहिसरच्या सोसायटीत सहलीच्या बोटींचे वारे शिरले. वास्तविक दहिसरला पाण्याशी नाते आहे ते नदीचे. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी पावसाळ्यात आपले अस्तित्व दाखवते आणि मनोरीच्या खाडीत जाऊन मिळते. एवढ्या भांडवलावर आमची मंडळी समुद्रपर्यटनाच्या गोष्टी बोलू लागली. सहा दिवसांची सफर: मुंबईहून गोवा, गोव्याहून कोची आणि त्याच वाटेने परत. जहाज बहुमजली, त्यावर पोहण्याचा तलाव, नाटकगृह आणि चार भोजनगृहे. मी या असल्या गोष्टींना सहसा बधत नाही. परंतु तिकिटे विकणाऱ्या गृहस्थांनी एक वाक्य असे टाकले की आई उठून बसली. “परतीला गोव्याहून दुपारी बाराला निघतो. म्हणजे सारा कोकण किनारा दिवसाउजेडी बघा, मावशी!”

आईला डोळ्यांचा काचबिंदू आहे. उरलेली नजर किती वर्षांची, याचा हिशेब डॉक्टरांनी दिला नव्हता, आणि विचारण्याचा धीर आम्हांला झाला नव्हता. देवगडच्या किल्ल्यातला दीपस्तंभ पुन्हा एकदा पाण्यातून बघायचा, हे तिने कधी तोंडाने मागितले नसते. त्या दिवशीही मागितले नाही. फक्त म्हणाली, “चारच्या सुमारास देवगड येईल, नाही?” मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले, पत्नीने भिशीचे पैसे घातले, आणि आम्ही चौघे, म्हणजे आई, आम्ही दोघे आणि आमची कन्या, निघालो.

निघालो म्हणजे दहिसरहून निघालो. बंदरावर दुपारी बाराला हजर राहा, असा हुकूम होता. आम्ही अकरालाच हजर झालो आणि बोट सुटली रात्री नऊला. मधल्या वेळात प्रत्येकाला एक समोसा आणि लिंबाचे सरबत मिळाले, आणि ‘थोड्याच वेळात’ हे शब्द मी सतरा वेळा ऐकले. वर्गात पोरांच्या सबबी मोजायची सवय अशी उपयोगी पडते. खिडकीच्या खोलीचे पैसे भरले होते. मिळाली आतली खोली. तिच्यात खिडकी नव्हती, पण भिंतीवर समुद्राचे एक मोठे चित्र टांगलेले होते! गरम पाणी फक्त पहाटे चारला येई. जेवणाच्या रांगेत पाऊण तास उभे राहावे तेव्हा कुठे पानात तीन देशांचे पदार्थ एकदम पडत. आणि आईला हवा होता मऊ भात व पातळ वरण. रात्री डोक्यावर ढोल असा वाजे की भिंतीवरचा समुद्रही हलायचा.

तक्रार तरी कोणाकडे करायची? आमच्या मजल्यावर मणिपूरकडचा एक पोरगा होता. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत त्याची धावपळ चाले, आणि चार महिन्यांत तो घरी गेला नव्हता. चादरी बदलायला आला की आधीच “सॉरी” म्हणायचा. आईने त्याच्या हातावर दहिसरहून नेलेला बेसनाचा लाडू ठेवला, आणि त्यानंतर आमच्याकडे मात्र दोन उशा जास्त येऊ लागल्या. सेवेचा तो एवढाच नमुना सबंध सफरीत पाहिला.

या सहलीच्या बोटींचा इतिहास मोठा बोलका आहे. १८९१ सालच्या जानेवारीत हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रात हिंडायला नेली. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि एवढी मोठी बोट रिकामी उभी ठेवणे परवडत नसे; तेव्हा ज्यांना कुठेच जायचे नाही अशांना घेऊन फिरवून आणावे, ही त्यामागची युक्ती. युक्ती चांगली चालली. मात्र तिच्यात एक मेख आहे. ज्याला कुठे पोचायचे नाही, त्याचा खोळंबा झाला तर बोटवाल्यांना त्याची फारशी क्षिती वाटत नाही.

आमच्या कोकणच्या बोटींचे याच्या उलट होते. पावसाळाभर त्या बंद असत. दर्या निवळला की भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघत आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जात. डेकवर वळकट्या, ट्रंका, कोंबड्या आणि रडणारी मुले यांची एकच दाटी. सुखसोय म्हणावी तर औषधाला नाही. त्या प्रवासाला सोनेरी मुलामा द्यावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणात आजही ते नाव हलक्या आवाजात घेतात. ऐंशीच्या दशकाअखेर ही उतारूंची वाहतूक थांबली, आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा चाकरमान्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु एक गोष्ट खरी. त्या बोटीवरचा खलाशी बंदर आले की त्याचे नाव घेऊन हाळी द्यायचा. झोपलेली बाई “देवगऽड!” एवढे ऐकून पोर काखोटीला मारून उठायची. आपण कोणाच्या दारावरून चाललो आहोत, हे त्या बोटीला ठाऊक असे.

आता परतीचे सांगतो. कोचीला सहा तास उशीर झाल्यामुळे शहर बघणे रद्द झाले; त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. पण गोव्याहून दुपारी बाराला निघायची बोट तांत्रिक कारणास्तव रात्री दहाला निघाली, तेव्हा आई काही बोलली नाही हे मला टोचले. जेवून ती म्हणाली, “चार तास म्हणजे दोन वाजतील. मला उठव.” उठवायची गरजच पडली नाही. एक वाजता ती शाल पांघरून डेकवर खुर्ची धरून बसली होती.

किनारा दूर होता. अंधारात मच्छीमारांचे दिवे विखुरलेले, आणि पलीकडे एक उजेड थांबून थांबून लुकलुकत होता. पांढऱ्या गणवेशातला एक तरुण जात होता, त्याला मी विचारले, “हे कुठले ठिकाण?” तो अदबीने म्हणाला, “सर, उद्या मुंबई.” मी पुन्हा विचारले. त्यानेही पुन्हा तेच, तितक्याच अदबीने सांगितले.

आई मात्र ओठांत पुटपुटत होती. मला वाटले, जप चालला असावा. पण ती आकडे मोजत होती. प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुकण्याची लय निराळी ठेवलेली असते. तिच्यावरून दर्यावर्दी माणूस जागा ओळखतो. आजोबांनी लहानपणी तिला आपल्या दिव्याची लय शिकवली होती, हे मला त्या रात्री, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. तीनदा मोजून ती म्हणाली, “ह्यो आपलो नाय रे.”

तो दिवा मागे गेला. पुढे धुरकट झाले आणि काही दिसेनासे झाले. चार वाजेपर्यंत ती बसून होती. आत ढोल चालूच होता.

घरी आल्यावर मी कंपनीला चार पानी पत्र लिहिले. शुद्धलेखनाची एकही चूक राहू दिली नाही. महिन्याने उत्तर आले. दिलगिरी होती, आणि पुढच्या सफरीवर वीस टक्के सवलतीचे कूपन होते. मी ते आईला वाचून दाखवले. तिने विचारले, “म्हणजे पुन्हा फिरवून इथेच आणून सोडणार?” आणि ती तांदूळ निवडायला बसली.

मे महिन्यात आम्ही रस्त्याने देवगडला गेलो. महामार्गावर वाहनांची ही रांग! पोचायला पंधरा तास लागले. वाटेत गाडी लागून कन्या दोनदा ओकली, तेव्हा आईने तिच्या पाठीवरून हात फिरवत “अजून चार राहिल्या” असा धीर दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी किल्ल्याखाली खडकावर जाऊन बसल्या. पाण्यातून नव्हे, जमिनीवरूनच. परंतु काळोख पडला आणि वर दिवा लागला. आई नातीला सांगत होती, “पहिली लुकलुक झाली की गप्प राहायचे, आणि दुसरीपासून मोजायचे.” नातीचा आकडा दोनदा चुकला. आईने तिसऱ्यांदा मोजायला लावले.