ऐकू येतंय असं धरून

मिरजेच्या ज्या रुग्णालयात मी नोकरीला लागले, तिथल्या मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांचं माझ्यावर ऋण आहे. ते फेडावं म्हटलं तर त्या आता हयात नाहीत. माणूस गेल्यावर त्याच्यातली जाणीव कुठे उरते का, हा प्रश्न त्यांच्याच हाताखाली काम करताना माझ्या मनात शिरला आणि आजतागायत तिथून हललेला नाही.

सगळा वॉर्ड त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. सांगलीकडच्या एका खेड्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातला जन्म, बोलणं रांगडं, साडीची इस्त्री मात्र कधी मोडलेली नसायची. त्यांनी मला इंजेक्शनं शिकवली, चार्ट लिहायला शिकवला. पण माझ्यावर खरा ठसा उमटला तो मृत्यूनंतरच्या कामाचा. वॉर्डात त्याला 'बॉडी पॅक करणं' म्हणतात. डॉक्टर मृत्यूची वेळ लिहून निघून जातात आणि मग नर्सचं काम सुरू होतं. सलाइनची सुई, नाकातली नळी, लघवीची नळी काढायची. सुईच्या जागी कापूस दाबून चिकटपट्टी लावायची. कवळी असेल तर वेळेत बसवायची, कारण नंतर तोंड उघडत नाही. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा. हनुवटीखालून गॉजची पट्टी घेऊन डोक्यावर बांधायची, नाहीतर दोन-चार तासांत जबडा उघडा राहूनच ताठरतो. हातपाय सरळ करायचे, अंग पुसायचं, नावाची चिठ्ठी बांधायची.

हे सगळं करताना बाई सतत बोलत असत. "आजोबा, आता नाकातली नळी काढते हं. थोडी ओढ लागंल." "मावशी, कुशीवर वळवते, भिऊ नका." आवाज तोच, जिवंत पेशंटशी बोलतानाचा. एका रात्री काम आटोपल्यावर मी विचारलं, "बाई, ते तर गेले. तुम्ही बोलता कुणाशी?"

बाई बँडेजची गुंडाळी करत होत्या. म्हणाल्या, "ते ऐकतात का न्हाई, मला काय ठाऊक पोरी? पण बोलणं थांबलं की माझे हात राकट होतात. आणि समज, ऐकू येतच असलं तर?"

मिरज-सांगलीच्या वॉर्डात या प्रश्नाला उत्तरांची वाण नाही. आमच्यासारख्या वारकरी घरातली माणसं तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालतात, दहाव्याला कावळ्याची वाट बघतात. जैन कुटुंब रुग्णाच्या कानाशी णमोकार म्हणत राहतं. त्यांच्या मते आत्मा क्षणात पुढच्या जन्माला निघून जातो, त्यामुळे मागे श्राद्ध नाही. लिंगायत घरात कपाळाला विभूती लागते आणि माणूस लिंगैक्य झाला म्हणतात. मुसलमान नातलग कलमा ऐकवतात. रूह कयामतीपर्यंत बरजखमध्ये थांबते अशी त्यांची श्रद्धा. बौद्ध मंडळी त्रिसरण-पंचशील म्हणतात. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये तर आत्मा ही कल्पनाच नाकारली आहे. एकाच वॉर्डात, कधी शेजारशेजारच्या कॉटवर, ही सगळी उत्तरं मी तितक्याच खात्रीनं दिलेली ऐकली.

बाईंचा स्वतःचा विश्वास पुनरुत्थानावर होता. पण तो त्यांनी कुणाच्या कॉटपाशी नेला नाही. एकदा रात्री एक म्हातारे मुसलमान गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते, मुलगा अजून एसटीत होता. बाईंनी शेजारच्या वॉर्डातून एका मुसलमान वॉर्डबॉयला बोलावून आणलं आणि सांगितलं, "त्यांच्या कानाशी कलमा म्हण. माझी प्रार्थना त्यांना अनोळखी वाटंल. जाताना ओळखीचा आवाज पायजे." दुसऱ्याच्या श्रद्धेला इतका मान देणारं माणूस मी फार थोडं पाहिलं आहे.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेले. डच हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांचा अभ्यास 2001 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांना त्या काळातला काहीतरी अनुभव आठवत होता. त्यातली एक हकिगत नर्सला चटका लावणारी आहे. बेशुद्ध आणलेल्या एका माणसाची कवळी नर्सनं काढून ट्रॉलीच्या खणात ठेवली. आठवड्याभरानं त्या माणसानं त्या नर्सला पाहताक्षणी ओळखलं आणि कवळी कुठे ठेवली तेही सांगितलं. ही एकाच माणसाची हकिगत. तिच्यावर सिद्धान्त उभा राहत नाही. छाती दाबताना मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं, कान काही टिपत असतील, अशी शंका घ्यायला जागा आहे. सॅम पार्निया यांच्या 2014 च्या अभ्यासात तर काही वॉर्डांमध्ये उंच फळ्यांवर चित्रं ठेवली होती, फक्त वरून दिसतील अशी. 2060 वेळा हृदय थांबल्याच्या नोंदी झाल्या; ती चित्रं पाहिल्याचं कुणीही सांगितलं नाही. मरणानंतर जाणीव उरते हे त्यातून सिद्ध झालं नाही, आणि उरत नाही हेही नाही.

2020 मधला व्हँकुव्हरचा एक अभ्यास मात्र मला थेट बाईंकडे घेऊन गेला. तिथल्या हॉस्पिसमध्ये अखेरच्या काही तासांत असलेल्या, कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना निरनिराळ्या क्रमाचे सूर ऐकवून त्यांच्या मेंदूचा आलेख काढला. त्यातल्या काहींचा मेंदू सुरांमधला बदल निरोगी माणसासारखाच टिपत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे आलेख सांगत नाही. पण कानाचं दार आपल्याला वाटतं तितक्या लवकर बंद होत नसावं.

हे वाचलं तेव्हा मला अण्णांची रात्र आठवली. माझ्या वडिलांना अर्धांगाचा मोठा झटका आला आणि ते आमच्याच वॉर्डात बेशुद्ध पडून होते. गावाकडचे भाऊबंद कॉटभोवती उभे राहून वाटणीचं बोलू लागले. बाईंची ड्यूटी संपली होती, तरी त्या आत आल्या. "जमिनीचं बाहेर बोला. हितं पेशंट हाय." सगळे गेल्यावर मला स्टुलावर बसवलं, अण्णांचा हात माझ्या हातात दिला. "बोल त्यांच्याशी. राहिलेलं आत्ताच सांग."

मी सांगितलं. सोयाबीनची पेरणी झाली. धाकट्याची फी भरली. गाय व्याली, कालवड आहे. आईला मी माझ्याकडे नेईन. अण्णांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. पहाटे ते गेले. बाईंनी स्वतः त्यांचे डोळे मिटवले आणि म्हणाल्या, "अण्णा, लेकीनं सगळं सांगितलंय. आता निवांत व्हा." माझं हे बोलणं अण्णांपर्यंत पोचलं की नाही, मला कधी कळणार नाही. पण ते माझ्या उरात अडकून राहिलं नाही, ही बाईंची देणगी.

बाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. त्यांची शुद्ध गेलेली होती. नातलगांनी रेव्हरंड टिळकांची भजनं म्हटली. मी त्यांना वॉर्डातल्या जुन्या माणसांची खुशाली सांगितली, आणि नंतर त्यांच्याच पद्धतीनं, प्रत्येक गोष्ट आधी सांगून, त्यांचं अंग पुसलं, डोळे मिटवले, पट्टी बांधली. माझे हात राकट झाले नाहीत.

मरणानंतर जाणीव उरते का? मला माहीत नाही. ती उरावी असं मात्र मनापासून वाटतं, बाईंसाठी आणि अण्णांसाठी. पण बाईंच्या सहवासात एक गोष्ट पक्की झाली: जाणीव नेमकी कुठे संपते हे जोवर कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही, तोवर संशयाचा फायदा पडून असलेल्या माणसाला मिळायला हवा.

म्हणून आयसीयूच्या बाहेर ताटकळणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते. आत सोडलं की आधी आपलं नाव सांगा. हात धरण्याआधी तसं बोला. बिलाचं, वाटणीचं, 'आता काही खरं नाही'चं बोलणं दाराबाहेर ठेवा. घरातलं काय मार्गी लागलं ते सांगा. माफी मागायची असेल तर मागा. उत्तर येणार नाही. तरीही बोला.