मंजुरी ते पहिला हप्ता

३ ऑक्टोबर २०२५, बर्लिन
आज जर्मन एकीकरणाचा दिवस, दुकानं झाडून बंद. आईने बांधून दिलेल्या दशम्यांवर दिवस निघाला.

७ ऑक्टोबर
शिष्यवृत्ती मंजूर आहे, पैसे हातात नाहीत. हप्त्यासाठी इथलं बँक खातं हवं. बँक पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागते. नोंदणीला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं आणि कार्यालयाची वेळ मिळालीय २१ तारखेची. तोवर भाडं आणि अनामत भरायची ती बाबांनी पतपेढीतून काढलेल्या कर्जातून.

१४ ऑक्टोबर
वेळापत्रकात दहा, लेक्चर सुरू सव्वादहाला. इथली जुनी रीत. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी बाकं ठोठावली. मीही ठोठावलं.

२५ ऑक्टोबर
डालेममधली ईनेश्ट्रासे, क्रमांक २२. आज ही इमारत फ्री विद्यापीठाकडे आहे. १९२७ साली इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. इरावती कर्वे पीएच.डी.साठी इथेच होत्या. विषय ऑयगेन फिशर यांनी दिलेला: कवट्यांची उजवी-डावी बाजू किती विषम. गोऱ्यांच्या कवट्यांत ही विषमता जास्त, असा गुरूंचा कयास. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून तसा फरक दिसत नाही, असं त्याच गुरूंना लिहून दिलं. पंचविशीही न गाठलेली मुलगी, परका मुलूख, परकी भाषा! पुढे या संस्थेने नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा टेकू दिला; दाराजवळच्या पाटीवर ते लिहिलं आहे. पाटी मी दोनदा वाचली.
बाईंचं परदेशी जाणं सासऱ्यांना, धोंडो केशव कर्व्यांना, पसंत नव्हतं. पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले, म्हणून त्या येऊ शकल्या.

३१ ऑक्टोबर
पहिला हप्ता जमा झाला. आधी बाबांना पैसे पाठवले, मग मैत्रिणीला फोन केला. आमची निवड एकत्रच झाली होती, तिचे गुण माझ्याहून जास्त. पण तिला नुसती शुल्कमाफी होती. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने सगळी रक्कम आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवायची होती. घरी तेवढी जमली नाही, तिने जागा सोडली.
खरं तर ही रक्कम खर्च झालेली नसते. मुलगी इथे आली की दरमहा तिच्याच हाती येते. आपल्या विद्यापीठांनी परदेशी विद्यापीठांशी करार करताना अशा मुलांसाठी बिनव्याजी उचल देणारा निधीही उभा करावा. माजी विद्यार्थ्यांनो, त्यात पहिली भर तुम्ही घाला.