पाय पसरणे आणि पाय मोकळे करणे

मराठी भाषेने पायांना फारशी सवलत दिलेली नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना पैशाची अक्कल यावी म्हणून शिकवतो. भटाला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो, हे पाहुण्यांविषयी शहाणपण यावे म्हणून. दोन्ही म्हणींत पाय पसरणे ही कृती संशयास्पदच आहे. एकीत ती ऐपतीबाहेरची, दुसरीत हक्काबाहेरची. याउलट ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असे म्हणून उठणाऱ्या माणसाला कोणी अडवत नाही. पाय तेच, पण एका वाक्प्रचारात ते जागा व्यापतात आणि दुसऱ्यात जागा सोडतात. भाषेच्या तासाला हा भेद माझ्यासमोर कधी आला नव्हता. तो आला सोळा तासांच्या विमानप्रवासासाठी दोन आसने निवडताना.

प्रवास मुंबई ते न्यूयॉर्क, थेट, २०२३ सालचा. सोबत आई: वय ७४, उंची चार फूट दहा इंच, उजव्या गुडघ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली. तिकिटे न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाने काढली होती. आसने निवडण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आणि एकच अट घातली. “ताई, पैशांकडे बघू नकोस. आईला पाय पसरता आले पाहिजेत.” दूरदेशी राहणाऱ्या मुलांच्या आवाजात एक कायमचा अपराधभाव असतो, तो त्या वाक्यात होता. जवळ नसण्याची भरपाई इंचांत करता आली तर ती त्याला करायची होती.

आसनांचा नकाशा हा वाचण्याजोगा मजकूर असतो. मला तो वरून पाहिलेल्या चाळीसारखा वाटतो: खोल्यांच्या रांगा, मधून जाणारे दोन बोळ, टोकाला सामाईक संडास. रिकाम्या खोल्या एका रंगात, भरलेल्या दुसऱ्या, आणि काही खोल्यांवर जास्तीच्या भाड्याची पाटी. आमच्या नकाशातल्या पाटीवर ‘एक्स्ट्रा लेगरूम’ एवढेच होते. किती, ते नव्हते. ज्या आकड्यावरून हे ठरते त्याला या व्यवसायात ‘पिच’ म्हणतात: आसनावरच्या एका बिंदूपासून पुढच्या आसनावरच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर. म्हणजे त्यात आसनाच्या पाठीची जाडीही मोजली जाते. पाठ पातळ केली की पिच न वाढवताही गुडघ्यांना थोडी जागा मिळते. ती जाड असली तर कागदावरचे इंच गुडघ्यांपर्यंत पोचतच नाहीत. साध्या इकॉनॉमीत हे अंतर सामान्यतः ३१-३२ इंच असते, जास्तीच्या पैशांत ३४ ते ३६, क्वचित अधिक. फरक फार तर अर्ध्या वितीचा.

या अर्ध्या वितीला इतिहास आहे. ‘इकॉनॉमी’ हा वर्ग अटलांटिकवरच्या विमानांत १९५८ साली अवतरला. त्या काळी भाड्यांबरोबर सोयीही विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवून देई. इतक्या बारकाईने, की या स्वस्त वर्गात सँडविच किती साधे असावे यावरून कंपन्यांत रण माजले. स्कँडिनेव्हियाची कंपनी पावावर फारच ऐवज रचते, अशी पॅन ॲमची तक्रार होती. (शेजारच्या ताटातले मोजण्याची वृत्ती केवळ आपल्या पंक्तींपुरती नाही, याचे मला बरे वाटले.) १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला, पुढच्या दशकांत भाडी उतरत गेली आणि जागाही. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासमोर प्रवाशांच्या एका संघटनेचा दावा आला, त्यात सरासरी पिच ३५ इंचांवरून ३१ वर आणि काही विमानांत २८ वर आल्याचे मांडलेले होते. न्यायमूर्ती पट्रीशिया मिलेट यांनी निकालाच्या आरंभीच या प्रकरणाला रहस्यकथेला शोभेल असे, आक्रसत जाणाऱ्या आसनाचे नाव दिले.

जी जागा एकदा काढून घेतली, तीच मग निराळी विकायला आली. युनायटेडने १९९९ साली इकॉनॉमीच्या पुढच्या काही ओळी ऐसपैस करून वेगळ्या काढल्या. यावर रागावणे सोपे आहे आणि मी रागावतेही. पण त्याच सुमारास, २००० साली, अमेरिकन एअरलाइन्सने ओळी कमी करून साऱ्याच इकॉनॉमी प्रवाशांना अधिक जागा दिली होती, हेही सांगायला हवे. काही वर्षांतच त्या ओळी परत बसवल्या गेल्या. तिकीट काढताना लोक इंच पाहत नव्हते, अंथरूणच पाहत होते.

असो. पैसे भरायचेच, तर कोणत्या ओळीसाठी? आणीबाणीच्या दाराजवळची ओळ सर्वांत मोकळी, पण ती नुसत्या पैशांनी मिळत नाही. प्रसंगी जड दार उघडू शकेल आणि सूचना समजून इतरांना मदत करील, अशाच प्रवाशाला तिथे बसवतात. आईसाठी विमानतळावर चाकांची खुर्ची सांगितलेली होती; ती ओळ तिथेच बाद झाली. त्यात अन्याय काही नाही. अन्याय मला दुसरीकडे दिसला. दाटीवाटीच्या आसनांतून लोक वेळेत बाहेर पडू शकतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ओक्लाहोमा सिटीत २०१९-२० मध्ये सातशेहून अधिक स्वयंसेवक घेऊन चाचण्या केल्या. ते सारे १८ ते ६० वयाचे आणि धडधाकट होते. म्हणजे दाराजवळ बसण्याच्या परीक्षेत आई बसत नव्हती, आणि दारापर्यंत पोचण्याच्या परीक्षेतही तिच्यासारखे कोणी नव्हते.

मग भिंतीसमोरची पहिली ओळ. पुढे कोणी नाही, त्यामुळे कोणी अंगावर रेलत नाही. पण तिथे जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात दुमडून ठेवलेला असतो, म्हणून तो दांडा वर उचलता येत नाही. तान्ह्या मुलांचे पाळणे त्याच भिंतीला अडकवतात. आणि समोर आसन नसल्याने उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही. ही शेवटची गोष्ट मी वाचली आणि थांबले. आईच्या पायांना पुढे जागा किती, याचा विचार आम्ही दोघे भावंडे करत होतो. ते खाली टेकतात का, हे कोणीच विचारले नव्हते.

टेकत नाहीत. घरच्या खुर्चीवरही तिच्या पायाखाली पाट लागतो.

१९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी केलेल्या निवाऱ्यांत रात्र-रात्र कापडी खुर्च्यांवर बसून काढत. त्यांतली काही माणसे अचानक दगावू लागली. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये कारण मांडले: तासन् तास बसल्याने, खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतल्याने, पायांत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकते. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव पुष्कळ नंतरचे, आणि दिशाभूल करणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, मोटार असो वा आगगाडी. निरोगी माणसाच्या बाबतीत तो तरीही सहा हजारांत एक एवढाच. पण अधिक धोक्याच्या लोकांत १९० सेंटिमीटरांहून उंच माणसे होती, तशीच १६० सेंटिमीटरांहून बुटकीही होती. उंच माणसाने जास्तीच्या जागेसाठी पैसे मोजावेत. त्याचे गुडघे खरोखरच समोरच्या पाठीत घुसतात. आईच्या बाबतीत मोकळी जागा म्हणजे लोंबकळत्या पायांखालची पोकळी. आसनाची कड तिच्या मांडीखाली तशीच रुतणार, पुढे भिंत असो की मैदान. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली दिलेली मार्गदर्शक सूत्रे मी शेवटी वाचली. वर्ग कोणता याला त्यात महत्त्व नव्हते. महत्त्व होते खिडकीपाशी अडकून बसण्याला, कारण तिथला माणूस शेजाऱ्यांना उठवायच्या संकोचाने उठतच नाही.

संकोच हा शब्द वाचताच आई डोळ्यांसमोर आली. दोन अनोळखी माणसांना झोपेतून उठवण्यापेक्षा सोळा तास न पाणी पिता बसून राहणे पसंत करणारी ती बाई आहे. तिला विकत घेऊन द्यायचे ते पाय पसरणे नव्हतेच. कोणाची परवानगी न मागता उठता येणे, एवढेच होते.

मी मागच्या बाजूची, साधी, बोळालगतची दोन आसने घेतली: एक तिचे, बोळाच्या कडेचे, एक माझे, मधले. भावाला फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

“म्हणजे मी काहीच करायचं नाही?”

“डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घ्यायचेत तिला. त्याचे पैसे दे.”

“फक्त मोजे?” तो म्हणाला. त्याची समजूत मला पूर्ण घालता आली नाही. अर्ध्या वितीचा त्याला आलेला हिशेब वेगळा होता, आणि तो चूक होता असे मी आजही म्हणणार नाही.

विमान स्थिरावल्यावर समोरच्या आसनाखालची पिशवी आईने पुढे ओढून घेतली आणि तिच्यावर पाय टेकले. आत दोन शाली, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि भावासाठी गोधडी होती. उंची पाटाएवढी झाली. जेवण झाले, दिवे मंद झाले, आणि ती उठली. तिने कोणाला विचारले नाही. मी झोपले आहे असे समजून मलाही नाही. मागच्या पडद्यापर्यंत जाऊन ती हळूहळू परत आली, हात आसनांच्या पाठींवर टेकवत.

“बेचाळीस,” बसता बसता पुटपुटली.

“काय?”

“पावलं. येऊनजाऊन चौऱ्याऐंशी.” जेवणानंतरची शतपावली तिने पन्नास वर्षे चुकवलेली नाही. ती क्षणभर हिशेब करत बसली, मग पुन्हा उठली आणि बोळातच उभी राहून, समोरच्या आसनाची पाठ धरून, उरलेली सोळा पावले जागच्या जागी टाकू लागली.