गोठणाऱ्या भूमीतला नळ

आम्हां इंदूरकरांना नळ कोरडा पडण्याची चांगली ओळख आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याचल चढून शहरात आले. त्यापूर्वी यशवंतसागर आणि बिलावलीच्या भरवशावर काढलेले उन्हाळे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना पहाटे चारला उघड्या तोटीतून निघणारा तो हवेचा सुस्कारा निराळा सांगावयास नको. परंतु पाणी मुबलक आहे, नळीत भरलेले आहे, आणि तरीही ते बाहेर येत नाही, कारण त्याचा दगड झाला आहे, हा प्रकार मला उतारवयात समजून घ्यावा लागला.

माझी धाकटी लेक आणि जावई अमेरिकेत आयोवा राज्यातील एम्स गावाबाहेर राहतात. (एम्स म्हटले की आपल्याकडे दिल्लीचे रुग्णालय आठवते, हे विद्यापीठाचे गाव आहे.) पाच एकर जमीन, जुने लाकडी घर, सोळा शेळ्या आणि तीसेक कोंबड्या असा त्यांचा संसार आहे. ‘इतकी शिकून शेळ्या राखते?’ असे आमच्या वाड्यात मला अनेकींनी विचारले. मी उत्तर दिले नाही. ती शेळ्यांविषयी बोलू लागली की तिचा आवाज लहानपणीसारखा होतो, हे त्यांना कसे सांगणार?

घरापासून गोठा साठ पावलांवर आहे. हिवाळ्यात स्वयंपाकघरातून बादल्या भरून बर्फावरून न्यावयाच्या, त्याही सकाळ-संध्याकाळ. २०२३ च्या जानेवारीत ती भरल्या बादलीसह घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे जावयांनी कामावर जाण्यापूर्वी अंधारात पाणी वाहिले. हात बरा झाल्यावर त्यांनी सौम्यपणे सुचविले, की पुढल्या हिवाळ्याआधी शेळ्या विकून टाकाव्यात. लेक फोनवर म्हणाली, “आई, ते म्हणतात ते काही खोटं नाही गं.” तिचा तो समजूतदारपणा मला मुळीच आवडला नाही. मे महिन्यात मी तिकडे गेले तेव्हा हा प्रश्न लोंबकळतच होता.

गोठ्याजवळ एक नळ होता, पण मेलेला. घराच्या आधीच्या मालकाने दोन फुटांवर नळी पुरली होती. त्या भागात जमीन साधारण साडेतीन फुटांपर्यंत गोठू शकते, तेव्हा ती फुटावयाचीच होती. पाणी गोठताना आकारमानाने शेकडा नऊच्या सुमारास फुगते. मात्र नळी फुटते ती बर्फाच्या रेट्याने नव्हे, असे मला तिथे कळले. बर्फाचा बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये थोडे पाणी कोंडले जाते; बर्फ वाढू लागला की त्या कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो, आणि नळी जिथे दुबळी असेल तिथे उकलते.

तोड शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितली. त्याच्या अंगणात तसा नळ कित्येक वर्षे उभा होता. तिकडे त्याला यार्ड हायड्रंट म्हणतात. जमिनीवर दिसतो तो तीन फुटी लोखंडी खांब, वर एक मूठ आणि पुढे तोंड. खरा नळ तिथे नसतोच. झडप जमिनीखाली पाच फुटांवर, जिथे गारठा पोहोचत नाही तिथे असते, आणि मूठ व झडप यांना खांबातून गेलेला लांब गज जोडतो. मूठ उचलली की झडप उघडून पाणी वर येते. मूठ दाबली की झडप मिटते आणि त्याच वेळी तळाशी एक बारीक छिद्र उघडते. खांबात उरलेले पाणी त्यातून खालच्या खडीत झिरपून जाते. गोठावयास मागे काही उरतच नाही. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटली.

खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. मग माणसे येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगीत खुणा करतात: वायूची पिवळी, विजेची तांबडी, पाण्याची निळी. आपल्याकडे खोदून झाल्यावर जे समजते ते तिकडे आधी समजते, एवढाच फरक! चराची वाट ठरविताना म्हाताऱ्याने एक गोष्ट बजावली: मोटारीच्या रस्त्याखालून नळी नेऊ नका. मला नवल वाटले. पण बर्फ हे जमिनीचे पांघरूणच असते. रस्त्यावरचा बर्फ सतत दूर केला जातो, म्हणून तिथे गारठा अधिक खोल उतरतो. चर वळसा घालून गेला.

खणण्याचे काम यंत्राने एका दिवसात केले. चराच्या तळाशी मात्र जावई फारसे उतरले नाहीत. पाच फूट खोल भिंत ढासळली तर माणूस वाचत नाही, असे म्हाताऱ्याने दरडावून सांगितले होते. खांब उभा करण्यापूर्वी जावयांना ते छिद्र दिसले. कारखान्यातून भोक राहून गेले असावे, अशा समजुतीने ते त्याला बूच शोधू लागले. लेक धावली. “अहो, तेच तर सगळं आहे!” मग छिद्राभोवती दोन-तीन घनफूट धुतलेली खडी घातली, वर कापड पसरले, म्हणजे माती उतरून छिद्र बुजू नये. माती लोटण्याआधी पाणी सोडून सांधे पाहिले. एक पाझरत होता. तो पुन्हा आवळला.

वापराचे नियम लेकीने गोठ्याच्या दारावर मराठीत लिहून लावले. मूठ पूर्ण उचलावी किंवा पूर्ण दाबावी. अर्धवट ठेवल्यास झडप आणि छिद्र दोन्ही उघडी राहतात आणि पाणी गुपचूप जमिनीत जात राहते. थंडीत काम होताच रबरी नळी काढावी, कारण ती जोडलेली राहिली तर वरून हवा आत शिरत नाही, खांब रिकामा होत नाही आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. हा दुसरा नियम तिने तांबड्या शाईने लिहिला होता. शेजारचा म्हातारा ती अक्षरे न्याहाळीत बराच वेळ उभा राहिला.

नोव्हेंबरात मी परतले. शेळ्यांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नव्हता; पण निघणार नाही, असेही कोणी म्हटले नव्हते. २०२४ च्या जानेवारीच्या मध्यावर तिकडे कडाक्याची थंडी पडली, पारा उणे पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास गेला. मी इंदुरात घड्याळाकडे पाहत बसले होते. तिची सकाळ झाली आणि फोन आला. बोलली काहीच नाही. आधी बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला, मग मूठ खाली दाबल्याचा, आणि मागून जावयांचा प्रश्न: “अगं, ती काळी शेळी या महिन्यातच विणार ना?”